सोलापुरी चादर आणि आमच्या घरातले तीन ड्रायर

आमच्या घरात ‘ड्रायर’ हा शब्द गेली तीस वर्षे रोजच्या वापरात आहे, पण त्या शब्दाने ओळखले जाणारे यंत्र मात्र या काळात तीनदा बदलले. आई आजही “चादर ड्रायरला लाव” असे म्हणते, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर १९९४ साली घेतलेल्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनची उजवीकडची उभी, अरुंद टाकी असते. माझ्या मुलीच्या बोलण्यातला ड्रायर म्हणजे गेल्या वर्षी आलेले, पुढून गोल काचेचे दार असलेले नवे यंत्र. या दोन्हींच्या मधल्या काळात भावाने पुण्याहून सोलापूरला पाठवलेला, गरम हवा फेकणारा एक जुना ड्रायर आमच्या बाल्कनीत जवळजवळ दहा वर्षे होता. बँकेतून निवृत्त झाल्यावर धुण्याचे काम माझ्या वाट्याला आले आणि या तिन्ही यंत्रांची तुलना करण्याची सवडही त्याबरोबर मिळाली.

सोलापुरात ड्रायर कशाला हवा, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर आधीच देऊन टाकलेले बरे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर असताना गच्चीवर टाकलेली जाडजूड चादर दीड-दोन तासांत कडकडीत वाळते, हे मलाही ठाऊक आहे. अडचण उन्हाची नसून आमच्या घराची आहे. आम्ही जुळे सोलापूर या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, आईचे वय ऐंशीच्या पुढे आहे, तिचे अंथरूण-पांघरूण वारंवार धुवावे लागते, आणि गच्चीचा जिना आता मलाही नकोसा वाटतो. शिवाय आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येते. ज्या दिवशी पाणी येईल त्या दिवशी साऱ्या घराचे धुणे एकदम निघते, आणि बाल्कनीतल्या चार दोऱ्या पहिल्या दोन बादल्यांतच भरून जातात. सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो. त्या महिन्यात पाण्याचा दिवस आणि पावसाचा दिवस एकच निघाला, की ओल्या टॉवेलांचा कुबट वास दोन दिवस घरात भरून राहतो. तो वास कपड्यांत वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो, आणि कपडा जितका अधिक वेळ दमट राहील तितके ते अधिक फोफावतात. धुण्याच्या पावडरीला दोष देण्यात फारसा अर्थ नाही.

आता त्या जुन्या टाकीविषयी. वडील इथल्याच एका गिरणीच्या रंगखात्यात होते. ते या टाकीला कधीच ड्रायर म्हणाले नाहीत. त्यांच्या लेखी तो ‘हायड्रो’ होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांत आजही हा शब्द ऐकू येतो. रंगवून, धुऊन काढलेला ओला माल ज्या मोठ्या फिरत्या पिंपात पिळून काढतात ते हायड्रो, आणि त्यानंतर गरम हवेत घोळवून टॉवेलची लूप, म्हणजे वरचे धाग्यांचे फासे, उभी करते ते टंबलर. मला हे नीट समजले ते एका नातेवाइकाच्या कारखान्यात तासभर उभे राहिल्यावर. तिथला कामगार हायड्रोमधून निघालेला टॉवेलचा गठ्ठा हातात घेऊन दाबून पाहत होता, आणि तळहाताला पाणी लागले की तो गठ्ठा पुन्हा हायड्रोत टाकत होता. पाणी शिल्लक असलेला माल टंबलरमध्ये घातला तर इंधन वाया जाते, एवढेच त्याने मला सांगितले. घरगुती ड्रायरची सारी गोम त्याच्या या एका वाक्यात आहे.

ती समजून घेण्यासाठी मी घरच्या वजनकाट्यावर एक प्रयोग केला. आमच्याकडे दुहेरी विणीची एक जुनी सोलापुरी चादर आहे. कोरडी असताना तिचे वजन १ किलो ४०० ग्रॅम भरते. धुऊन, दोघांनी दोन टोके धरून, पीळ घालून पिळल्यावर तिचे वजन ३ किलो १०० ग्रॅम भरले. जुन्या मशीनच्या टाकीत पाच मिनिटे फिरवल्यावर ते २ किलो २५० ग्रॅमवर आले. म्हणजे पाच मिनिटांत साडेआठशे ग्रॅम पाणी निघाले. त्या टाकीची मोटर साधारण २०० वॅटची आहे, त्यामुळे एवढ्या कामाला लागलेली वीज युनिटच्या साठाव्या भागाइतकीच होते. हेच साडेआठशे ग्रॅम पाणी उष्णतेने उडवायचे म्हटले, तर हिशेब पार बदलतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे दोन तृतीयांश युनिट इतकी ऊर्जा लागतेच. त्यात यंत्र कितीही चांगले असले तरी निसर्ग सवलत देत नाही. म्हणजे चादरीतले तेवढेच पाणी हीटरने काढायला अर्ध्या युनिटहून अधिक, म्हणजे पिळण्याच्या तीस पट तरी वीज खर्ची पडेल.

जुन्या टाकीकडे ‘जुनाट’ म्हणून पाहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पिळण्याचा जोर टाकीच्या व्यासावर आणि फेऱ्यांच्या वर्गावर अवलंबून असतो. फेरे दुप्पट झाले की जोर चौपट होतो. आमच्या जुन्या मशीनची टाकी अरुंद आहे, पण ती मिनिटाला १३०० फेरे घेते, आणि तिच्या कडेला चिकटलेल्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सव्वादोनशे पट जोर पडतो. मुलीकडे फुली-ऑटोमॅटिक, वरून झाकणाचे मशीन आहे. त्याचा ड्रम रुंद असला तरी फेरे ७०० आहेत, त्यामुळे तिथला जोर सव्वाशे-दीडशे पटींच्या पलीकडे जात नाही. तीच चादर तिच्या मशीनमधून निघाली तेव्हा तिचे वजन २ किलो ५०० ग्रॅम होते. मुलीचे मशीन आमच्या मशीनहून पंचवीस वर्षांनी लहान आहे, आणि तरीही त्याने चादरीत पाव किलो पाणी अधिक ठेवले. गेल्या वर्षी आम्ही घेतलेल्या, पुढून दार असलेल्या धुलाई मशीनने १२०० फेऱ्यांवर मात्र चादर २ किलो १३० ग्रॅमवर आणली. ‘नवे ते चांगले’ हा नियम इथे लागू पडत नाही. फेरे किती आणि ड्रम केवढा, हे पाहूनच ठरवावे लागते.

जुन्या टाकीचे दोषही सांगायला हवेत. कपडे एका बाजूला गोळा झाले, की मशीन बाथरूमभर नाचत फिरते. झाकण उघडल्याबरोबर टाकी थांबावी म्हणून बसवलेल्या ब्रेकची तार सैल झाली, तर ती बराच वेळ फिरतच राहते, आणि अशा फिरत्या टाकीत घाईने हात घालणे हा गमतीचा विषय नाही. तळाचा रबरी सील दर काही वर्षांनी गळू लागतो, आणि ते पाणी थेट मोटरवर पडते. पण या साऱ्या वस्तू नव्या पेठेतल्या दुकानात सुट्या मिळतात, आणि बदलायला माणूसही मिळतो.

भावाकडून आलेला दुसरा ड्रायर त्या टाकीपेक्षा अगदी वेगळ्या जातीचा होता. गरम हवेत कपडे घोळवण्याची कल्पना जुनी आहे. १८००च्या सुमारास पोशों नावाच्या फ्रेंच गृहस्थाने भोके पाडलेला पिंप विस्तवावर हाताने फिरवून कपडे वाळवण्याची युक्ती काढली होती, तर अमेरिकेत जे. रॉस मूर यांच्या आराखड्यावरून तयार झालेला घरगुती ड्रायर १९३८ साली ‘जून डे’ या नावाने बाजारात आला. आमच्या बाल्कनीतले यंत्र तत्त्वतः त्याचेच वंशज होते. खोलीतली हवा आत ओढायची, दोन हजार वॅटच्या हीटरवरून न्यायची, फिरत्या ड्रममधल्या कपड्यांतून काढायची आणि ती दमट, गरम हवा जाड नळीने खिडकीबाहेर सोडायची, एवढाच त्याचा व्यवहार. आत टिकटिक करणारे चावीचे टायमर, एक पट्टा, एक मोटर आणि दोन थर्मोस्टॅट होते. पट्टा तुटला तेव्हा मी त्याची लांबी दोरीने मोजून नेली आणि जुळणारा पट्टा आणून स्वतः बसवला. अशी दुरुस्ती नव्या यंत्राच्या बाबतीत मला स्वप्नातही जमणार नाही.

त्या ड्रायरने दोन धडे शिकवले. पहिला धडा कापसाच्या लवेचा. सोलापुरी टॉवेल नवा असताना इतकी लव सोडतो, की दाराजवळची जाळी प्रत्येक वेळी उशीच्या कापसासारख्या थराने भरून जाते. मी जाळी नेहमी साफ करत असे, पण मागची नळी दोन वर्षे उघडून पाहिली नव्हती. एका रविवारी मशीन चालू असताना जळकट वास आला आणि ते गप्पकन थांबले. मेकॅनिकने नळी काढली, तेव्हा तिच्या वळणात करड्या लवेचा नारळाएवढा गोळा बसला होता. हवा कोंडल्याने हीटर तापला होता आणि आतला थर्मल फ्यूज उडाला होता. तो फ्यूज एकदाच उडतो आणि मग बदलावा लागतो. त्याने आपले काम केले नसते तर काय झाले असते, याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ करत होतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने तिथल्या घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत असल्याचा अंदाज दिला होता, आणि साफसफाई न करणे हे त्यांचे सर्वांत मोठे कारण सांगितले होते.

दुसरा धडा आटण्याचा. त्या यंत्राला कपडा वाळला की नाही हे कळतच नसे. टायमर संपेपर्यंत ते तापवत राही. माझ्या दोन नव्या बनियन एकाच धुण्यात नातवाच्या मापाच्या झाल्या. आईचे इरकल लुगडे मात्र मी त्यात कधीच घातले नाही, आणि आता नव्या यंत्रातही घालत नाही. ते सावलीत, दोरीवरच वाळते.

नवे यंत्र हीट पंपावर चालते. त्याचे काम समजायला घरातला फ्रीज पुरेसा आहे. फ्रीजच्या आत थंड जाळी असते आणि मागे गरम. या ड्रायरमध्ये या दोन्ही जाळ्या एकाच हवेच्या वाटेत एकामागे एक बसवलेल्या असतात. ड्रममधून निघालेली दमट हवा आधी थंड जाळीवर जाते, तिथे तिच्यातले पाणी दवासारखे सुटून खालच्या डब्यात गोळा होते. कोरडी झालेली तीच हवा मग गरम जाळीवरून पुन्हा ड्रममध्ये येते. हवा बाहेर जातच नाही. वाफ करताना खर्च झालेली उष्णता पाणी सुटताना परत मिळते आणि कॉम्प्रेसर ती पुन्हा कामाला लावतो. आमचा जुना ड्रायर हीच उष्णता दहा वर्षे खिडकीबाहेर सोडत होता. याच कारणाने नवे यंत्र जवळजवळ निम्म्याहून कमी विजेत तेवढेच कपडे वाळवते, आणि आतली हवा पन्नास अंशांच्या आसपासच राहत असल्याने बनियन आटत नाहीत. स्वित्झर्लंडने २०१२ सालीच हीट पंप नसलेले घरगुती ड्रायर विकायला बंदी केली, आणि युरोपीय संघातही १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या नियमांमुळे नव्याने बाजारात येणारे ड्रायर बहुतेक याच जातीचे असतात.

वेळ मात्र लागतो. जुना ड्रायर चार किलो कपडे सव्वा तासात वाळवत असे, नव्याला दोन तासांहून अधिक लागतात. त्याच्या पुस्तिकेत आणखी एक अट आहे, जी वाचून मला हसू आले: यंत्र ५ ते ३५ अंश तापमानाच्या खोलीत वापरावे. आमच्या बाल्कनीत मे महिन्याच्या दुपारी पस्तीस अंश म्हणजे गारवाच म्हणायचा. अर्थात त्या दिवसांत हे यंत्र लावण्याचे कारणही नसते.

डब्यात गोळा होणारे पाणी पाहून आमच्या शेजाऱ्यांना ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्याची कल्पना सुचली होती. एका धुण्याला दोन लिटर स्वच्छ दिसणारे पाणी मिळते, त्यामुळे मोह होणे स्वाभाविक आहे, पण त्यात बारीक लव आणि साबणाचा अंश असतो. ते बॅटरीत घालू नये. आम्ही त्याने फरशी पुसतो. पाण्याचाच विषय निघाला आहे तर धुणे आणि वाळवणे एकाच ड्रममध्ये करणाऱ्या यंत्राबद्दलही इथेच लिहितो. अशा यंत्रांपैकी बरीच यंत्रे वाफेचे पाणी करण्यासाठी नळाचे थंड पाणी आत सोडत राहतात, म्हणजे कपडे वाळवायलाही बादल्यांनी पाणी लागते. होटगी रोडला राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने हे न विचारता तसे यंत्र घेतले, आणि आता तो ते फक्त धुण्यासाठी वापरतो. पाणी साठवून ठेवणाऱ्या गावात हा प्रश्न दुकानात पहिल्यांदा विचारावा.

नव्या ड्रायरचे सर्वांत मोठे कौतुक सांगितले जाते ते त्याच्या ‘ओलावा ओळखण्याचे’. ड्रमच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा त्यांना घासून गेला की त्यांच्यातून किंचित वीज वाहते, कोरडा गेला की वाहत नाही, आणि यावरून यंत्र थांबायचे ठरवते. शर्ट, टॉवेल, परकर यांच्या बाबतीत हे उत्तम चालते. चादरीने मात्र या शहाणपणाची परीक्षा पाहिली. पहिल्याच वेळी यंत्राने मधुर आवाज करून काम संपल्याचे जाहीर केले. दार उघडले तेव्हा चादरीचा एक भला मोठा गुंडाळा झालेला होता, बाहेरून भाजलेल्या भाकरीसारखा गरम, आणि उलगडल्यावर आतला, चादरीवरच्या मोराचा अर्धा पिसारा थेट ओला. पट्ट्यांना फक्त बाहेरचा थर लागत होता. आता मी पाऊण तासाने यंत्र थांबवतो, चादर बाहेर काढून झटकतो, उलट बाजूने घालतो आणि सोबत दोन टॉवेल टाकतो. बोअरच्या जड पाण्यामुळे या पट्ट्यांवर पांढुरका थर बसतो, तोही महिन्यातून एकदा व्हिनेगरच्या फडक्याने पुसावा लागतो, नाहीतर यंत्राचा अंदाज चुकतो.

टॉवेलांपुरता मात्र नवा-जुना कोणताही गरम हवेचा ड्रायर दोरीपेक्षा सरस आहे, हे मला मान्य करावे लागते. दोरीवर स्थिर वाळलेल्या सुती टॉवेलात धाग्यांच्या मध्ये उरलेले पाणी त्यांना एकमेकांना चिकटवून ठेवते, म्हणून तो पापडासारखा ताठ होतो. घोळत वाळलेल्या टॉवेलात लूप सुटी राहते. सोलापूरच्या टॉवेलला आणि चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्यातला टॉवेल टंबलरमधून निघाल्याशिवाय दुकानात जात नाही आणि आपण मात्र घरी त्याला आयुष्यभर दोरीवर ताठ करतो, याची मला आता गंमत वाटते.

पैशाचे गणित बँकेच्या सवयीने मांडून पाहिले, तेव्हा ते माझ्या खरेदीच्या विरुद्ध निघाले. आमच्याकडे वर्षातून साठेक वेळा ड्रायर लागतो. प्रत्येक वेळी जुन्याच्या मानाने दीड युनिट वाचते असे धरले आणि युनिटला दहा रुपये धरले, तर वर्षाला नऊशे रुपये वाचतात. साधा गरम हवेचा ड्रायर आणि हीट पंपाचा ड्रायर यांच्या किमतींत मला तीस हजार रुपयांचा फरक पडला. तो वसूल होईल तेव्हा मी चौऱ्याण्णव वर्षांचा असेन. युरोपात हिवाळाभर रोज ड्रायर लावणाऱ्या कुटुंबासाठी तेथील नियम शहाणपणाचे आहेत, पण आठ महिने ऊन असलेल्या आमच्या गावात केवळ वीज बिलाकडे पाहून हे यंत्र घेऊ नये. मी ते घेतले कारण त्याला भिंतीला भोक पाडावे लागत नाही, खोली दमट होत नाही आणि आईच्या खोलीशेजारी ते चालू ठेवून मला निर्धास्तपणे झोपता येते. ज्यांच्याकडे ही कारणे नाहीत त्यांनी ते पैसे १२०० किंवा १४०० फेऱ्यांच्या धुलाई मशीनवर खर्च करावेत, आणि उरलेले काम दोरीवर सोडावे. दुरुस्तीच्या बाबतीतही नव्या यंत्राची मला धास्ती आहेच: त्याच्या सर्किटमध्ये पाल शिरली किंवा विजेच्या चढउताराने ते जळले तर आख्खा सर्किट बोर्ड बदलावा लागतो, आणि गॅस भरलेल्या बंद भागाला आमचा नेहमीचा मेकॅनिक हात लावत नाही. म्हणून आल्या दिवशीच त्याला स्टॅबिलायझर बसवला.

शेवटचा प्रयोग गेल्या सप्टेंबरातला आहे. यंत्रावर ‘कपाटात ठेवण्याइतके कोरडे’ असा एक पर्याय आहे आणि ‘इस्त्रीइतके दमट’ असा दुसरा. पहिल्या पर्यायावर मी चादर दोनदा उलटवून वाळवली आणि काट्यावर ठेवली, तर वजन भरले १ किलो ३२० ग्रॅम, म्हणजे तिच्या नेहमीच्या कोरड्या वजनाहून ऐंशी ग्रॅम कमी. कापूस हवेतला ओलावा धरून ठेवतो, साधारण आठ टक्क्यांपर्यंत, हे सूतगिरणीच्या गावात मला कुणी सांगायची गरज नव्हती. वडील सुताच्या वजनाविषयी बोलताना हेच सांगत. चादर रात्रभर खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवली, आणि सकाळी ती पुन्हा १ किलो ४०० ग्रॅम झाली होती. जे पाणी मी वीज खर्चून काढले होते ते पावसाळी हवेने रातोरात परत दिले होते. तेव्हापासून मी दमट पर्याय लावतो आणि उरलेला तासभर चादर पलंगाच्या कठड्यावर पसरून ठेवतो.

त्याआधी ती अजूनही जुन्या मशीनच्या टाकीतून पाच मिनिटे जाते, कारण आईच्या चादरी हाताने धुतल्याशिवाय तिचे समाधान होत नाही. या आठवड्यात त्या टाकीचा रबरी सील पुन्हा गळू लागला आहे. पुढचे पाणी परवा येईल. त्याआधी नव्या पेठेत जाऊन यायचे आहे.